अडगळीच्या वाटा

जुनी इमारत पुनर्विकासाला जाते, त्याच्या आधीचा महिना उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीत सारखाच दिसतो. घाटकोपरचं पंतनगर असो, अंधेरीचं डी. एन. नगर असो की मुलुंड पूर्वेची म्हाडा कॉलनी, बिल्डरने दिलेल्या तारखेच्या आत घर खाली करायचं असतं. भाड्याची जागा जेमतेम तेवढीच मिळालेली असते आणि टेम्पोवाला फेरीमागे पैसे घेणार असतो. मग माळा उतरवला जातो. रॉकेलचा स्टोव्ह, तांब्याचा बंब, पाणी भरून ठेवायचं पिंप, नातवंडं कॉलेजात गेली तरी घडी करून ठेवलेला पाळणा, कधीच विकून टाकलेल्या टीव्हीचं खोकं आणि त्यातला थर्माकोल, लग्नातलं रुखवत, बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी. चार माणसांच्या घरात एवढं सामान होतं, यावर घरातल्यांचाच विश्वास बसत नाही.

ही माणसं गबाळी नसतात. दर दिवाळीला पंख्याच्या पात्यांपासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळं घासूनपुसून काढणारीच ती. तरी माळा भरतो, कारण साफसफाई करताना वस्तू पुसली जाते आणि पुन्हा जागेवर जाते. अडगळीचं खापर आपण हौसेवर नाहीतर आळसावर फोडतो. खरं कारण बरेचदा साधं असतं: त्या वस्तूला घराबाहेर जायची वाटच उरलेली नसते. उपनगरातल्या घराला एकेकाळी अशा पाच-सहा वाटा होत्या. त्यातल्या काही बंद झाल्या, काही अरुंद झाल्या. काही नव्या उघडल्या आहेत, पण त्या पुष्कळांना ठाऊक नाहीत. त्यामुळे घर आवरायला घेण्याआधी या वाटांचा हिशेब घेतलेला बरा.

एका कपाटाचं भाडं

आधी जागेचा हिशेब. विक्रोळीच्या कारखान्यामुळे गोदरेजचं पोलादी कपाट हे पूर्व उपनगरांना घरचंच वाटतं. कंपनीने अशी कपाटं बनवायला १९२३ च्या सुमारास सुरुवात केली आणि पुढे मराठी लग्नात ‘कपाट दिलं’ म्हणजे गोदरेजचंच, असं समीकरण झालं. असं कपाट आणि त्याचं दार उघडायला लागणारी जागा धरली, तर सहा चौरस फूट सहज जातात. चौरस फुटाचा भाव २५,००० रुपये धरा. दीड लाख रुपयांची जमीन त्या कपाटाखाली आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आता ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. तिथे हे एक कपाट घराचा पन्नासावा भाग अडवतं. त्यात रोजचे कपडे असतील तर ते आपलं भाडं फेडतंय. पण जुन्या पडद्यांचे गठ्ठे आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या साड्यांची खोकी असतील, तर आपण दीड लाखांच्या जागेत पाचशे रुपयांचा माल सांभाळतो आहोत.

घरात जागा संपली की सामान दाराबाहेर सरकतं. आधी चपलांचं स्टँड, मग सायकल, मग जुनं टेबल, शेवटी जिन्याखाली एखादा दिवाण. सोसायटीच्या नोटीसबोर्डावर ‘पॅसेजमधील सामान हटवावे’ अशी सूचना वर्षानुवर्षं लागलेली असते आणि सामानही तिथेच असतं. हा शिस्तीपेक्षा जिवाचा प्रश्न आहे. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जयभवानी इमारतीला आग लागली. तळमजल्यावरची वाहनं आणि तिथलं भंगार सामान पेटलं, धूर वर चढला आणि किमान सात जणांचा जीव गेला. आगीत जिना हीच सुटकेची वाट असते आणि तिच्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तू सगळ्या इमारतीच्या वाटेत येते.

बोहारीण, रद्दीवाला आणि गावचं घर

जुन्या वाटांत सगळ्यात हुशार वाट बोहारणीची. दुपारी दोन-अडीचला, पुरुषमाणसं कामावर आणि पोरं शाळेत असताना, डोक्यावर भांड्यांची टोपली आणि काखेत बोचकं घेऊन ती यायची. दारात बसकण मारली की पाऊण तासाची निश्चिती. एकेक कपडा ती उजेडाकडे धरून बघे, विजारीची चेन वरखाली करून पाही, शर्टाची कॉलर उलटी करी. ‘काकी, यात पातेलं नाय बसत. अजून एक पँट टाका.’ काकी म्हणायच्या, ‘साडी बघ की, एकदाच नेसलेय.’ ‘साडीला कोण इचारतं आता? जरीची काढा.’ शेवटी एक शर्ट जास्तीचा जाई आणि झाकणासकट डबा घरात येई. जुन्या कपड्यांची किंमत ठरवणारी ही परीक्षा कुठल्याही दुकानदाराच्या तोडीची होती. यातला धडका कपडा पुढे शिवून-धुऊन जुन्या बाजारात विकला जाई, विरलेलं सुती कापड गॅरेजमध्ये आणि कारखान्यांत पुसायच्या चिंध्या म्हणून जाई आणि लोकरीचे कपडे थेट हरियाणातल्या पानिपतला पोचत. तिथे ते पिंजून, पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटं होतात.

टॉवर उभे राहिले, गेटवर वॉचमन आला आणि बोहारणीला आत सोडणं बंद झालं. दुपारी घरात कोणी नसण्याचं प्रमाणही वाढलं. कपडे मात्र स्वस्त झाले आणि जास्त येऊ लागले. वाट बंद, आवक दुप्पट. कपाट ओसंडणार नाही तर काय होणार?

रद्दीवाल्याची वाट अजून चालू आहे. मराठी पेपरपेक्षा इंग्रजी पेपराला किलोमागे चार पैसे जास्त मिळतात, हे घराघरात माहीत असतं. हा कागद मोठ्या व्यापाऱ्यांमार्फत वापीसारख्या ठिकाणच्या गिरण्यांत जातो आणि तपकिरी पुठ्ठा होऊन परत येतो. आपल्या दारात येणारी ऑनलाइन खरेदीची खोकी बरीचशी याच चक्रातली. पण ज्या घरांत पेपर घेणंच थांबलं, तिथे रद्दीवाल्याची नेमाची फेरीही थांबली. आता त्याला फोन करून बोलवावं लागतं आणि फोन करायचा राहून जातो.

गोधडीची वाट घरातल्या घरातच होती. आईच्या मऊ झालेल्या सुती साड्या थरांवर थर घालून, धावदोऱ्याने टाचून, वाकळ व्हायची. सुती साड्या कमी झाल्या, सिंथेटिक आल्या. त्यांची गोधडी अंगाला लागत नाही, घाम शोषत नाही. तरी ज्यांच्याकडे सुती साड्या आहेत, त्यांना आजही गोधडी शिवून देणाऱ्या बायका आणि बचतगट सापडतात.

सगळ्यात मोठी वाट होती गावची. मुंबईचं घर लहान आणि गावचं मोठं, म्हणून गावचं घर हाच मुंबईच्या घराचा खरा माळा होता. मे महिन्यात आणि गणपतीत एसटीच्या टपावर ट्रंका चढायच्या, जुना टेबलफॅन, जास्तीची भांडी, गाद्या सावंतवाडी-कुडाळला रवाना व्हायच्या. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा तीच गाठोडी रेल्वेच्या बाकांखाली गेली. पुढच्या पिढीत गावचं घर वर्षातले अकरा महिने बंद राहू लागलं. तिथे ठेवलेल्या वस्तूला वाळवी लागते आणि मुंबईतली अडगळ मुंबईतच राहते.

घरकाम करणाऱ्या ताईंना द्यायचं, ही वाटही पुष्कळांच्या मनात पहिली येते. ती जपून वापरावी. आपल्याला जो जुना फ्रिज ठेवायला जागा नाही, तो दहा बाय बाराच्या खोलीत कुठे ठेवायचा? आधी विचारावं, चालू स्थितीतली वस्तू द्यावी आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक द्यावी.

‘टाकलं’ म्हणजे कुठे गेलं?

उरलेली वाट कचऱ्याची आणि ती सर्वात सोपी वाटते. पण मुंबईचा कचरा पूर्व उपनगरांतच मुक्कामाला येतो. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं, त्याचा धूर चेंबूर-घाटकोपरवर काही दिवस राहिला, आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि उपग्रहाच्या छायाचित्रातही तो धूर दिसला. मुलुंडचं डम्पिंग १९६७ पासून चालू होतं, ते ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झालं. त्यानंतर शहराच्या कचऱ्याचा मुख्य भार कांजूरमार्गवर आहे. मुलुंडकर आणि घाटकोपरकरांना ‘टाकलं’ या क्रियेचा शेवट नाकाने कळतो, तो असा.

म्हणून कचऱ्याच्या डब्यात जाणारी वस्तू शेवटची. त्याआधीच्या नव्या वाटा अशा. कपडे, चादरी, भांडी यांच्यासाठी ‘गूंज’सारख्या संस्था आहेत. अंशु गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही संस्था ग्रामीण भागात विहीर खणणं, रस्ता दुरुस्त करणं अशा श्रमाच्या मोबदल्यात कपडे देते आणि जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅड बनवते. याच कामासाठी गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुक्या कचऱ्यासाठी मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेचं काम जुनं आहे. ‘मुलगी झाली हो’ या नाटकाने महाराष्ट्रभर पोचलेल्या या संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरा वेचणाऱ्या महिलांना संघटित केलं. तिथे पोचणारी प्लॅस्टिकची बाटली एखाद्या बाईचा रोजगार असते. जुनी पुस्तकं माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे विक्रेते बघून घेतात. मोबाइल, चार्जर, कीबोर्ड यांना ई-कचऱ्याची वेगळी वाट आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी त्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे मोठ्या दुकानांत आणि कंपन्यांच्या सेवा केंद्रांत चौकशी करावी. ट्यूबलाइट, रंगाचे डबे, संपलेली औषधं, बॅटऱ्या या २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरल्या. त्या ओल्या-सुक्यात मिसळू नयेत, वेगळ्या बांधून द्याव्यात.

पंचांगातली आवराआवर

जपानी लेखिका मारी कोंडो यांचं पुस्तक आणि २०१९ मधली नेटफ्लिक्सवरची मालिका आपल्याकडेही गाजली. त्यांची पद्धत अशी की घरातले सगळे कपडे एका जागी ढीग करा आणि एकेक हातात घेऊन निर्णय करा. वन बीएचकेमध्ये तो ढीग घातला तर रात्री झोपायचं कुठे, हा पहिला प्रश्न. शिवाय जुलैच्या मुंबईत ढीग घातलेले कपडे आणखी दमट होतात. इथे एका झपाट्यात घर आवरण्यापेक्षा हवामान आणि सणांच्या तालावर थोडं थोडं आवरणं सोयीचं. आपल्या पंचांगात हे वेळापत्रक बरंचसं लिहिलेलं आहेच.

वर्षाची सुरुवात मार्चपासून धरू, कारण आर्थिक वर्ष तिथे संपतं. हा महिना कागदांचा. उपनगरातल्या एखाद्या जुन्या घरातली विजेची बिलं काढून बघा. अंधेरी-बोरिवलीत आधी बीएसईएस, मध्ये रिलायन्स, २०१८ नंतर अदानी. मुलुंडला आधी राज्य वीज मंडळ आणि २००५ नंतर महावितरण. इतिहास म्हणून गंमत आहे, पण भरलेली जुनी बिलं ठेवायचं कारण नाही, अलीकडची पुरेत. जन्मभर जपायचे कागद मोजके आहेत: घराचा नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, मृत्युपत्र. हे एका फायलीत, एका जागी आणि घरातल्या किमान दोघांना ठाऊक असलेल्या जागी असावेत. पुनर्विकासाच्या वेळी शेअर सर्टिफिकेट सापडत नाही म्हणून अडलेले सभासद जवळजवळ प्रत्येक सोसायटीत असतात. करविषयक कागद किती वर्षं ठेवायचे, ते आपल्या सीएला विचारून फायलीवरच लिहून ठेवावं. आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका यांच्या प्रती २०१५ पासून डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात.

एप्रिल-मे साठवणीचा. गहू-तांदूळ उन्हात घालून, एरंडेल चोळून किंवा कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरायचे, पापड-कुरडया वाळवायच्या, मसाला कुटून आणायचा. वर्षाचं धान्य भरण्याची पद्धत कमी झाली असली तरी डब्यांची संख्या कमी झालेली नाही. नवं भरण्याआधी सगळे डबे एकदा रिकामे केले, की झाकण हरवलेले कोणते आणि हॉटेलच्या पार्सलचे काळे-पांढरे डबे किती साठलेत, ते दिसतं. पार्सलचे सहा डबे ठेवावेत, बाकीचे सुक्या कचऱ्यात द्यावेत. निकाल लागला की पाठ्यपुस्तकं धाकट्या इयत्तेतल्या मुलाकडे जावीत. जूनमध्ये त्यांचा उपयोग संपतो.

पावसाआधीचा शेवटचा आठवडा ग्रिलसाठी. खिडकीबाहेरच्या लोखंडी ग्रिलमध्ये उपनगराचा निम्मा संसार ठेवलेला असतो. फुटकी बादली, कुंडीखालची ताटली, ताडपत्रीची घडी, जुना टायर: यांत साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ती अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. वस्तू घासावी किंवा काढून टाकावी. पालिकेचं कीटकनाशक खातं दरवर्षी अशा निरुपयोगी वस्तू हटवायला सांगतं, ते यासाठीच. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सगळ्यात खालचा कप्पाही याच आठवड्यात रिकामा करावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री तळमजल्यांवर आधी भिजले ते खालच्या खणातले कागद आणि पलंगाच्या पेटीतले कपडे.

आषाढ-श्रावणात कपड्यांना हात लावू नये. हवा दमट असते, बंद पेटी उघडली की ओल आत जाते आणि बुरशी धरते. हे दिवस स्वयंपाकघर, देवघर आणि औषधांच्या डब्याचे. आषाढी अमावस्येला, दिव्यांच्या अवसेला, घरातले सगळे दिवे बाहेर काढून घासायची रीत आहे. त्याच दिवशी टॉर्च, इमर्जन्सी दिवा, सेल आणि फ्यूज तपासले तर पहिल्या अंधारात धावाधाव होत नाही.

गणपतीच्या आधी बाहेरची खोली मोकळी होतेच. मखराला आणि पाहुण्यांना जागा लागते. प्रश्न नंतरचा असतो. मार्च २०१८ च्या राज्याच्या बंदीनंतर थर्माकोलची सजावट गेली, तरी जुनी मखरं कित्येक माळ्यांवर आहेत. ती तशीच ठेवण्यात अर्थ नाही. नवं मखर घेताना घडी होणारं घ्यावं, म्हणजे ते कपाटामागच्या चार इंचांत मावतं. मग येतो पितृपक्ष. या पंधरवड्यात नवी खरेदी करत नाहीत. घरात काही येणार नाही हे आधीच ठरलेलं असताना बाहेर काढायला याहून चांगला मुहूर्त नाही. माळा दिवाळीला न काढता इथेच काढावा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तेव्हा हत्यारांच्या पेटीबरोबर वायरींचा खणही पालथा घालावा. जी वायर कशाची ते घरात कोणालाच सांगता येत नाही, ती ई-कचऱ्यात.

ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, म्हणून गाद्या, रजया, ट्रंकेतले कपडे तेव्हाच वाळवावेत. दिवाळीआधीच्या साफसफाईमागे हेच व्यवहारज्ञान आहे: चार महिन्यांची ओल उन्हात जिरवायची. पैठणी उलट घडी करून मलमलच्या कापडात बांधावी. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये, जर काळी पडते. माळा आधीच झाला असेल तर दिवाळीत फक्त धूळ उरते. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो आणि त्याच रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढायची जुनी रीत आहे. आधी बाहेर काढणं आणि मग आत आणणं, हा क्रम परंपरेनेच घालून दिला आहे.

संक्रांत ते रथसप्तमी मात्र आवकेचे दिवस. हळदीकुंकवाच्या वाणातून प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, आरसे घरी येतात आणि ब्लाउजपीस एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. काही कधी शिंप्याकडे पोचतच नाहीत. आपण वाण देताना गूळ, साबण, भाजी, कापूर असं संपून जाणारं द्यावं. दहा घरांनी हे केलं तर दहा घरांतला खण रिकामा राहतो.

ठेवायचं ते कसं

आवरून झाल्यावर ठेवण्याचे नियम थोडेच आहेत. रोजची वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर, जड वस्तू खाली, वर्षातून एकदा लागणारी माळ्यावर. माळ्यावर एक ओळ असावी, दोन नसाव्यात. मागची ओळ दिसली नाही की ती घरात नसल्यासारखीच. प्रत्येक खोक्यावर आकडा घालून कशात काय आहे याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. म्हणजे एक फराळाचा साचा शोधायला चार खोकी उतरवावी लागत नाहीत. नवी चादर आली की जुनी त्याच आठवड्यात बाहेर. आणि दुसऱ्याच्या वस्तूचा निर्णय आपण घ्यायचा नाही. सासूबाईंची ट्रंक त्यांनीच उघडावी, मुलाच्या कॉमिक्सचं काय करायचं ते मुलाने सांगावं. परस्पर टाकलेली एक वस्तू घरात वर्षभर बोलली जाते आणि पुढे कोणी काही काढायला तयार होत नाही.

यातलं एकच काम आज करायचं झालं तर माळ्याला शिडी लावू नये. एका कागदावर बाहेर जायच्या वाटा लिहाव्यात: रद्दीवाला, भंगारवाला, जवळची कपडे घेणारी संस्था, ई-कचऱ्याचं केंद्र, पालिकेच्या वॉर्डाचं घनकचरा खातं, गोधडी शिवणारी बाई. प्रत्येकासमोर फोन नंबर आणि ते कोणत्या वारी येतात ते. हा कागद फ्रिजच्या दारावर लागला, की हातात आलेल्या वस्तूचं पुढे काय करायचं हे उभ्या उभ्या ठरतं. वाट ठाऊक नसते तेव्हाच माणूस म्हणतो, ‘राहू दे, लागेल कधीतरी’, आणि वस्तू पुन्हा वर जाते.